मेस्ताया : पाटाकाठचे मैदान आणि सोळा वर्षांचा सांगाडा

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील वालेन्सिया शहराभोवतीची शेती तुरिया नदीतून काढलेल्या आठ पाटांवर शतकानुशतके पोसली गेली. या पाटांना तेथे ‘असेकिया’ म्हणतात. शब्द मूळचा अरबी, आणि मध्ययुगीन मुस्लिम राजवटीचा त्या सिंचनव्यवस्थेवरील ठसा त्यात आजही दिसतो. पाण्याच्या पाळीवरून होणारे तंटे सोडवण्यासाठी पाटांवरील शेतकऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी दर गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला कॅथेड्रलच्या दाराशी बसतात, दोन्ही बाजू तोंडी ऐकतात आणि निकाल तिथल्या तिथे देतात. या आठ पाटांपैकी एकाचे नाव मेस्ताया. त्याच्या काठी २० मे १९२३ रोजी वालेन्सिया फुटबॉल क्लबचे मैदान सुरू झाले, तेव्हा त्यात सुमारे १७,००० प्रेक्षकांची सोय होती आणि पहिला सामना शेजारच्याच लेवांते संघाशी झाला. पाटाचे नाव मैदानाला चिकटले ते कायमचे. १९६९ पासून पंचवीस वर्षे एका माजी अध्यक्षाचे नाव अधिकृतपणे लावले गेले, तरी १९९४ मध्ये जुने नाव पुन्हा आले.

शहर वाढत गेले तशी शेते बुजली, मैदानाभोवती उंच इमारती आल्या आणि बाजूला पसरायला जागा उरली नाही, म्हणून प्रेक्षागार वर चढत गेले. मेस्तायाच्या वरच्या सज्जाचा उभा चढ स्पेनभर प्रसिद्ध आहे. तेथून खाली पाहताना विहिरीत डोकावल्यासारखे वाटावे इतका तो तीव्र आहे. १९८२ च्या विश्वचषकात यजमान स्पेनने प्राथमिक गटातील तिन्ही सामने याच मैदानावर खेळले. मुख्य प्रेक्षागारातील पंधराव्या रांगेत १६४ क्रमांकाच्या खुर्चीवर एका प्रेक्षकाचा कांस्यपुतळा बसवलेला आहे. हा गृहस्थ उतारवयाकडे झुकत असताना दृष्टी गमावूनही मुलाबरोबर सामन्यांना येत राहिला, गोंगाटावरून आणि मुलाच्या वर्णनावरून खेळ जाणून घेत राहिला, आणि त्याच्या मृत्यूनंतर, २०१९ मध्ये, क्लबने तो पुतळा त्याच्याच जागी बसवला. चाहत्याच्या लेखी मैदान म्हणजे हजारो खुर्च्यांची बेरीज नसून आपली एक ठरावीक खुर्ची असते, हे त्या पुतळ्याइतके स्पष्ट कोणत्याही ग्रंथाने सांगितलेले नाही.

पुढील घटना समजण्यासाठी एक कायदेशीर बदल ध्यानात घेणे आवश्यक आहे. स्पेनमधील क्लब पूर्वी सभासदांच्या मालकीचे असत आणि ‘सोसिओ’ म्हणजे सभासद अध्यक्ष निवडण्यासाठी मतदान करीत असे. व्यावसायिक क्लबांची वाढती कर्जे पाहून १९९० च्या क्रीडा कायद्याने त्यांना भागभांडवलाच्या कंपन्या होण्यास भाग पाडले. ताळेबंद चांगला असल्यामुळे रेआल माद्रिद, बार्सेलोना, आथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना हे चारच त्यातून सुटले. वालेन्सिया १९९२ मध्ये कंपनी झाला. भाग विकत घेता येत असल्याने सामान्य चाहता अगदीच बाहेर फेकला गेला नाही, परंतु एका माणसाला एक मत हे तत्त्व गेले आणि ज्याचे भाग अधिक त्याचा शब्द अधिक हे तत्त्व आले.

२००४ मध्ये वालेन्सियाने स्पॅनिश लीग आणि युएफा चषक दोन्ही जिंकले, आणि त्याच वर्षी बांधकाम व्यवसायाशी संबंधित हुआन सोलेर अध्यक्ष झाले. नोव्हेंबर २००६ मध्ये त्यांनी शहराच्या वायव्य भागात ‘नोउ मेस्ताया’, म्हणजे नवे मेस्ताया, उभारण्याची घोषणा केली. क्षमता सुमारे ७५,००० ठेवायची होती, काम १ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाले आणि २००९ मध्ये दारे उघडण्याचा बेत होता. पैसा जुन्या मैदानाच्या जमिनीतून यायचा होता. नगरपालिकेने त्या जागेचा क्रीडा उपयोग बदलून तेथे इमारतींना परवानगी द्यायची, ज्याला महाराष्ट्रातील नगररचनेच्या बोलीत ‘आरक्षण उठवणे’ म्हणतात, मग वाढलेल्या भावाने जमीन विकायची आणि त्या रकमेतून नवे मैदान पुरे करायचे, असा हा हिशेब होता. स्पेनमध्ये घरांचे भाव चढत होते तोवर हिशेबात चूक दिसत नव्हती. परंतु जमीन विकली जाण्याआधीच काँक्रीट ओतले जात होते आणि खेळाडूंवर खर्च चालू होता. बाजारात तुरी असताना घरात भांडण, तसा हा बाजारात जमीन असताना घरात खर्च होता. २००८ मध्ये घरबांधणीचा फुगा फुटला आणि त्या भावाने जमीन घेणारा कोणी उरला नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नव्या मैदानाच्या कामावर अपघात होऊन चार कामगार मरण पावले. २५ फेब्रुवारी २००९ रोजी काम थांबले, तेव्हा प्रेक्षागारांचे काँक्रीटचे कडे उभे होते. छप्पर आणि बाहेरचे आवरण नव्हते. प्रसंगोपात्त नोंदवण्यासारखे हे की, पाटांच्या त्या न्यायसभेला युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले तेही २००९ मध्येच.

यानंतरचा इतिहास मुख्यतः बँका आणि न्यायालये यांचा आहे. प्रांतिक शासनाच्या हमीवर कर्ज काढून क्लबच्या प्रतिष्ठानाने बहुसंख्य भाग घेतले. युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये ही हमी बेकायदा शासकीय मदत ठरवली आणि २०२० मध्ये युरोपीय न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. डिसेंबर २०११ मध्ये बांकिया या बँकेशी काम पुरे करण्याचा करार जाहीर झाला, पण पुढच्या मे महिन्यात ती बँकच सरकारला ताब्यात घ्यावी लागली आणि करार बारगळला. दरम्यान कर्ज फेडण्यासाठी दाविद विया आणि दाविद सिल्वा २०१० मध्ये, हुआन माता २०११ मध्ये विकले गेले. चाहत्यांच्या चिडीचे खरे कारण येथे सापडते. नवे मैदान वेळेवर मिळाले नाही एवढेच त्यांचे दुखणे नव्हते, कारण मेस्ताया सोडण्याची घाई त्यांतल्या अनेकांना कधीच नव्हती. जे त्यांनी मागितले नव्हते त्यासाठी संघ विकला गेला, आणि जे त्यांच्यापाशी होते ते मैदान पाडायचेच म्हणून कागदावर ठरून बसले. ना धड जुने, ना धड नवे, असे हे भिजत घोंगडे होते.

२०१४ मध्ये सिंगापूरचे उद्योजक पीटर लिम यांनी बहुसंख्य भाग घेतले. क्लबची स्थापना १९१९ ची, आणि शताब्दीपर्यंत नवे मैदान तयार होईल अशी आशा त्या वेळी दाखवली गेली. शताब्दी आली, त्याच वर्षी संघाने अंतिम सामन्यात बार्सेलोनाला हरवून राजाचा चषकही जिंकला, पण रस्त्याकडेचा सांगाडा होता तसाच राहिला. मालकाविरुद्धचा रोष वाढत गेला; ‘लिम, परत जा’ अशा अर्थाचे इंग्रजी फलक मैदानात आणि मैदानाबाहेर नित्याचे झाले. मे २०२२ मध्ये हंगामातील घरच्या शेवटच्या सामन्याला हजारो चाहते आतच गेले नाहीत; सामना चालू असताना ते दाराबाहेर उभे राहून घोषणा देत होते. ज्यांनी आपल्या खुर्चीचे पैसे वर्षाच्या आरंभीच भरलेले होते, त्यांनीच ती रिकामी ठेवावी, यापेक्षा तीव्र निषेध फुटबॉलच्या चाहत्याला उपलब्ध नसतो.

नगरपालिका आणि क्लब यांच्यात परवाने, मुदती आणि सवलती यांवरून आणखी काही काळ ओढाताण झाली आणि १० जानेवारी २०२५ रोजी, जवळपास सोळा वर्षांनी, काम पुन्हा सुरू झाले. आता क्षमता ७०,००० च्या आसपास ठरली असून पूर्ततेसाठी २०२७ चा उन्हाळा सांगितला गेला आहे. मधल्या काळात २०३० च्या विश्वचषकाचे यजमानपद पोर्तुगाल आणि मोरोक्को यांच्यासह स्पेनकडे येणार हे ठरले होते, आणि जुलै २०२४ मध्ये स्पॅनिश फुटबॉल महासंघाने आपल्या देशातील अकरा मैदानांची यादी जाहीर केली. १९८२ मध्ये यजमान संघाचे तीन सामने भरवणाऱ्या वालेन्सिया शहराचे नाव त्या यादीत नव्हते.