हुद्दा आणि पद: नायजेरियाच्या अभ्यासकासाठी प्रस्तावना

नायजेरियाचे राजकारण म्हणजे शेकडो भाषा, १९६६ पासूनचे लष्करी उठाव, यादवी युद्ध, तेलाचा पैसा... नवखा माणूस गोंधळतो. सत्तापालटांच्या तारखा पाठ करण्यापेक्षा एकाच माणसाची कारकीर्द धरून चालावे, असा माझा आग्रह आहे. मी कर्नल डॉ. अहमदू अली यांची सुचवीन.

१९३६ साली जन्मलेले अली लष्करात डॉक्टर होते. यादवी युद्ध, म्हणजे बियाफ्राचे युद्ध, १९७० च्या जानेवारीत संपले. दुभंगलेला देश सांधण्यासाठी याकुबू गोवन यांच्या लष्करी राजवटीने १९७३ मध्ये राष्ट्रीय युवा सेवा दल उभारले. पदवीधराने वर्षभर परक्या राज्यात जाऊन काम करायचे, अशी ती योजना. तिचे पहिले प्रमुख अली. हे काम डॉक्टरकडे कसे आले? लष्कर हेच सरकार झाले होते आणि अधिकारी कोणतेही खाते सांभाळू शकतो, असे तेव्हा गृहीत धरले जाई. या अभ्यासाची किल्ली इथे आहे.

१९७५ मध्ये त्यांच्याकडे शिक्षण खाते आले. १९७६ साली सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची मोहीम सुरू झाली, पण लोकांच्या लक्षात राहिले ते १९७८. विद्यापीठांतल्या जेवणाचा दर दिवसाला ५० कोबोवरून दीड नायरा झाला, म्हणजे तिप्पट. विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि लागोस, झारिया इथे गोळीबारात मुले मेली. राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेवर बंदी आली. निर्णय अख्ख्या सरकारचा होता, तरी घोषणा झाली ‘अली मस्ट गो’. मतपेटीच नसलेल्या राज्यात जाब विचारायला विद्यार्थ्यांच्या हाती एक नाव तेवढे होते. त्या मृत्यूंना दरवाढीचे कोणतेही समर्थन पुरे पडत नाही, हे मी स्पष्ट सांगतो.

पुढे मुलकी राजवटीत अली सिनेटर झाले आणि २००५ ते २००८ सत्ताधारी पीपल्स डेमोक्रॅटिक पार्टीचे अध्यक्ष. २००५ साली राष्ट्राध्यक्ष होते ओलुसेगुन ओबासान्जो, म्हणजे १९७८ चे लष्करी राष्ट्रप्रमुखच. १९९९ मध्ये लष्करी पर्व संपले, असे पाठ्यपुस्तकी वाक्य म्हणूनच जपून वापरावे.

सरकारी कागदपत्रे वाचाच, पण आंदोलनातल्या विद्यार्थ्यांनाही गाठा. ते आज सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांच्या आठवणी नोंदवायच्या तर आताच नोंदवायला हव्यात.