रोक्मोरचे व्हॅलेंटाईन फेस्त

रोक्मोर हे दक्षिण फ्रान्सच्या गार जिल्ह्यातील, आव्हिन्योंच्या उत्तरेस र्‍होन नदीकाठी वसलेले द्राक्षबागायतदारांचे गाव. येथे १४ फेब्रुवारीच्या सुमारास 'फेस्तो दू पुतून', म्हणजे 'चुंबनाचा उत्सव', साजरा होतो. आपले 'फेस्त' आणि तिथल्या प्रोव्हान्साल बोलीतील 'फेस्तो' ही एकाच लॅटिन शब्दाची लेकरे.

प्रेमिकांच्या या सोहळ्याचे मूळ मात्र वेलींच्या रोगात आहे. अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर फायलोक्सेरा ही मुळांतील रस शोषणारी सूक्ष्म कीड या परिसरात शिरली; शेजारच्या प्युजो गावात १८६३ मध्ये वेली वाळू लागल्या. कारण कोणालाच उमगेना. अखेर माक्सिमिल्यें रिशार या बागायतदाराने रोमहून संत व्हॅलेंटाईनचे अवशेष मिळवले. २५ ऑक्टोबर १८६८ रोजी ते समारंभपूर्वक गावात आले. मागणे प्रेमाचे नव्हते, बागा वाचाव्यात एवढेच होते. (डब्लिन आणि इटलीतील तेर्नी येथेही याच संताचे अवशेष असल्याचे मानतात.)

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रोगट मुळांवर ती कीड आढळली होती. पुढे उपायही अमेरिकेकडूनच मिळाला : तिथल्या काटक मुळांवर फ्रेंच वेलींची कलमे बांधण्यात आली.

उत्सवात गावकरी एकोणिसाव्या शतकातील पोशाख करून अवशेषांच्या आगमनाचा प्रसंग पुन्हा उभा करतात. मिरवणुकीच्या वाटेवर जोडपी असतात आणि त्याच बागांतील कोत द्यु र्‍होन वाइनचे पेलेही.