बेटावरील मैदाने आणि त्यांचे धनी

बेळगावच्या ऑटोनगर भागातील क्रिकेट मैदानावर २०१९ च्या मे-जूनमध्ये श्रीलंकेचा ‘अ’ संघ खेळून गेला. अभिमन्यू ईश्वरनने येथे २३३ धावा केल्या. पुढे एकदिवसीय सामन्यात पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने नाबाद १८७ काढल्या. खरा कसोटी सामना बेळगावास केव्हा, हा प्रश्न आपल्याकडे साहजिकच निघतो. परंतु ते पाहुणे ज्या बेटावरून आले, तेथील मैदानांचा इतिहास चाळू लागलो की आम्हांस दुसराच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटू लागतो: मैदान कोणाचे?

श्रीलंकेचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सुमारे एक पंचमांश. तेवढ्या भूमीवर आजवर आठ मैदानांत कसोटी सामने झाले, आणि त्यांतील चार एकट्या कोलंबो शहरात. यांतील बरीच मैदाने सरकारने बांधलेली नव्हेत, ती क्लबांची. आणि क्लब बहुधा जमातवार. सिंहली लोकांचा एक, तमिळांचा एक, मुसलमानांचा एक, बर्गरांचा एक. कोलंबो क्रिकेट क्लब तर मूळचा युरोपियनांचा. मुंबईच्या पारशी, हिंदू, इस्लाम जिमखान्यांची आठवण यावी अशीच ही मांडणी. साहेबाने दोन्हीकडे एकच साचा वापरला होता म्हणाना.

त्या साच्याची झळ आपल्या मुलखातील माणसानेही सोसली आहे. धारवाडात जन्मलेले पाळवणकर बाळू पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात मैदानाची निगा राखत आणि सरावात गोऱ्या फलंदाजांना चेंडू टाकीत. पुढे ते हिंदू संघातून खेळू लागले तेव्हा खेळपट्टीवर त्यांचा हात सर्वांना चाले. चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा गोलंदाज. हिंदूंचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले.

श्रीलंकेची पहिली कसोटी फेब्रुवारी १९८२ मध्ये इंग्लंडविरुद्ध झाली ती तमिळ युनियन क्लबच्या मैदानावर. त्या मैदानास पी. सरवणमुत्तू या तमिळ गृहस्थांचे नाव आहे. पुढच्याच वर्षी, जुलै १९८३ मध्ये, कोलंबोत तमिळांविरुद्ध भीषण दंगली उसळल्या. घरेदारे जळाली, असंख्य कुटुंबे देशोधडीला लागली. आणि सप्टेंबर १९८५ मध्ये त्याच मैदानावर श्रीलंकेने आपला पहिला कसोटी विजय मिळविला, कपिलदेवच्या भारतीय संघावर, १४९ धावांनी. गावसकर, वेंगसरकर त्या संघात होते. भाषेच्या नावावर राज्यांच्या सीमा आखताना काय काय घडते हे ज्या कुटुंबांनी पाहिले आहे, त्यांना या तीन तारखा एकापुढे एक ठेवून वाचताना वेगळे काही सांगावे लागणार नाही.

कँडीचे असगिरिया तर शाळेचे मैदान, ट्रिनिटी कॉलेजचे. विद्यार्थ्यांच्या खेळाच्या जागेवर १९८३ पासून कसोटी होत राहिल्या. २००७ नंतर त्या थांबल्या आणि पल्लेकेले येथे नवे स्टेडियम उभे राहिले. गॉलचे मैदान डच किल्ल्याच्या तटाखाली. तटावर बसून तिकिटाविना सामना पाहण्याची तेथील लोकांची रीत आहे, आणि ती आम्हांस मोठी लोभस वाटते. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीने ते मैदान उद्ध्वस्त केले. कसोटी पुन्हा झाली ती डिसेंबर २००७ मध्ये. तेथेच २०१० साली मुरलीधरनने भारताविरुद्ध आपला ८०० वा बळी घेतला. याउलट हंबनटोटाचे स्टेडियम २०११ च्या विश्वचषकासाठी, राष्ट्राध्यक्ष महिंद राजपक्षे यांच्या जिल्ह्यात, त्यांच्याच नावाने उभारले गेले. हजारोंची सोय, पण आसपास तेवढी वस्तीच नाही!

आमच्या बेळगावात सरदार्स हायस्कूलचे मैदान आहे, टिळकवाडीत लेले मैदान आणि व्हॅक्सिन डेपो. कसोटीचे नाव यांपैकी एकाशीही जोडले जाणार नाही हे उघड आहे. पण संध्याकाळी तेथे मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी पोरे एकाच खेळपट्टीवर बाद-नाबादचे भांडण करीत असतात, आणि ते भांडण कोणत्या भाषेत चालले आहे याकडे त्यांचे लक्ष नसते.