अश्वाची वंशावळ

अश्व प्रथम कोणी माणसाळविला, हा प्रश्न वरवर पाहता प्राणिशास्त्राचा वाटतो. परंतु राज्यांचा विस्तार, भाषांचा प्रसार आणि लोकसमूहांची स्थलांतरे यांविषयी आपण जे काही मानतो, त्यातील पुष्कळसा भाग या प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे. कुत्रा, शेळी, मेंढी, गाय हे प्राणी हजारो वर्षे आधी माणसाच्या दारी आले. घोडा सर्वांच्या मागून आला. आणि येताच त्याने अंतराचे व युद्धाचे मापच पालटून टाकले.

या विषयातील जुने पुरावे तीन प्रकारचे होते : उत्खननात सापडलेल्या अस्थी, लगामाच्या कडियाळ्याने दातांवर पडलेली झीज, आणि चित्रे किंवा शिल्पे. हे साक्षीदार प्रामाणिक असले तरी त्यांची साक्ष लावणारा चुकू शकतो. युक्रेनमध्ये नीपर नदीच्या काठी देरेइव्का येथे एका घोड्याची कवटी सापडली. तिच्या दातांवर कडियाळ्याची झीज होती आणि ती सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीची समजली गेली. त्यावरून अश्वारोहणाचा आरंभ तेथे झाला, असे विद्वान लिहू लागले. पुढे किरणोत्सर्गी कार्बनाने तिचे वय काढले, तेव्हा ती इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकातील निघाली. वरच्या थरातील अस्थी खालच्या थरात जाऊन बसली होती, एवढीच काय ती गोष्ट!

त्यानंतर मान मिळाला तो उत्तर कझाकस्तानातील बोताई या वसाहतीला. इ. स. पूर्व ३५०० च्या सुमाराच्या या वसाहतीत तीन लाखांहून अधिक अस्थी मिळाल्या आणि त्या बहुतेक सर्व घोड्यांच्या होत्या. मडक्यांच्या कणांत मुरलेल्या स्निग्धांशावरून तेथील लोक घोडीचे दूध काढीत असावेत, असा निष्कर्ष २००९ साली मांडण्यात आला. आजच्या घोड्यांचे मूळ सापडले, असे सर्वांना वाटले.

तथापि याच सुमारास पुराव्याचा एक चौथा प्रकार हाती येत होता. प्राण्याच्या पेशीत ‘डीएनए’ नावाचे जे आनुवंशिक द्रव्य असते, त्याचे तुकडे अस्थींत व दातांत सहस्रावधी वर्षे टिकतात. थंड प्रदेशात तर विलक्षण टिकतात. कॅनडाच्या उत्तरेस गोठलेल्या भूमीत मिळालेल्या सुमारे सात लाख वर्षांपूर्वीच्या घोड्याचे संपूर्ण आनुवंशिक लेखन २०१३ साली वाचले गेले. हे द्रव्य म्हणजे प्राण्याने स्वतःच्या देहात जपून ठेवलेली वंशावळच होय. आणि तीत कोणत्याही भाटाला पदरची भर घालता येत नाही.

ही वंशावळ वाचून लुडोविक ऑर्लांडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली जो निर्णय दिला, तो अनपेक्षित होता. बोताईचे घोडे आजच्या घोड्यांचे पूर्वज नव्हेत! आजच्या घोड्यांत त्यांचा अंश शेकडा तीनही भरत नाही. त्यांचे खरे वंशज म्हणजे मंगोलियातील ‘ताखी’ किंवा प्रझेवाल्स्कीचा घोडा. जगातील शेवटचा खरा रानघोडा म्हणून याची ख्याती होती. विसाव्या शतकात तो रानातून नाहीसा झाला; प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या, डझनभर पूर्वजांपासून वाढलेल्या कळपांतून १९९२ पासून त्याला पुन्हा मंगोलियाच्या कुरणांवर सोडण्यात आले. बोताईचे घोडे माणसाळलेले होते हे खरे धरले, तर हा ‘रानघोडा’ एके काळी दावणीतून सुटलेल्या घोड्यांचा वंशज ठरतो. बोताईच्या लोकांनी घोडे पाळले की नुसतेच मारून खाल्ले, यावर मात्र विद्वानांत अद्याप मतभेद आहेत.

मग आपल्या घोड्याचे मूळ कुळ कोणते? २७३ प्राचीन घोड्यांच्या अभ्यासाने २०२१ साली याचे उत्तर दिले. व्होल्गा आणि डॉन या नद्यांच्या खालच्या खोऱ्यांतील गवताळ मैदान, हे त्याचे माहेर. तोपर्यंत स्पेनमध्ये एक कुळ, सायबेरियात दुसरे, युरोपात आणखी निराळी, अशी घोड्यांची अनेक कुळे नांदत होती. इ. स. पूर्व २२०० ते २००० च्या दरम्यान हे एक कुळ अॅनातोलिया, डॅन्यूबचे खोरे, मध्य आशिया अशा दूरदूरच्या प्रदेशांत एकाएकी दिसू लागते. आणि थोड्याच शतकांत बाकीची कुळे पुसली जातात. या कुळात दोन जनुकांची विशेष निवड झालेली आढळते : एकाचा संबंध पाठीच्या कण्याशी, दुसऱ्याचा स्वभावाच्या शांतपणाशी असावा. बळकट पाठ आणि न बुजणारे मन, स्वाराला आणखी काय हवे? २०२४ सालच्या अधिक विस्तृत अभ्यासात असे दिसले की, इ. स. पूर्व २७०० च्या सुमारास जवळच्या नात्यांत पैदास करून हे कुळ घडविले जात होते, आणि पुढे घोड्यांच्या पिढ्याही पूर्वीपेक्षा लवकर पालटू लागल्या. अश्वपालाचा हात यात स्पष्ट दिसतो.

येथे एका आवडत्या सिद्धान्ताला धक्का बसला. इ. स. पूर्व ३००० च्या सुमारास गवताळ मैदानातील लोक युरोपात शिरले, हे मानवी अस्थींवरून सिद्ध आहे. ते घोडदौड करीत आले, असे चित्र रंगविले जाई. परंतु त्या काळच्या युरोपातील घोड्यांत मैदानी घोड्यांचा अंश जवळजवळ नाही. एखाददुसरा स्वार असेलही. घोड्यांचे कळप मात्र त्यांच्याबरोबर गेले नाहीत. माणसाची आणि घोड्याची वाट एकच असते, असे गृहीत धरणे म्हणूनच धोक्याचे. घोडा विकला जातो, नजर केला जातो, लुटून नेला जातो. त्याच्या कुळावरून धन्याचे कुळ सांगता येत नाही.

घोडा येण्यापूर्वी राजांचे रथ कोण ओढीत होते, याचेही उत्तर मोठे मनोरंजक आहे. सीरियातील उम्म अल-मर्रा येथे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या उमराव घराण्याच्या दफनभूमीत काही जनावरे पुरलेली आढळली. २०२२ साली त्यांची वंशावळ वाचली, तेव्हा आई पाळीव गाढवी आणि बाप सीरियाचा रानगाढव, असा संकर निघाला. हा रानगाढव म्हणजे कच्छच्या रणातील रानगाढवाचा जवळचा भाईबंद. संकराला संतती होत नाही; म्हणून प्रत्येक वेळी रानगाढव पकडून आणावा लागे, आणि त्या जनावराची किंमत साध्या गाढवाच्या कित्येक पट असे. पुढे खरा घोडा आला, तेव्हा सुमेरी लेखकांनी त्याला ‘डोंगराकडचे गाढव’ असे नाव दिले!

आपल्या देशात हा वाद अधिक तापलेला आहे. कच्छमधील सुरकोटडा येथील हडप्पाकालीन अस्थी खऱ्या घोड्याच्या आहेत, असे मत हंगेरीचे शांदोर बोकोनी यांनी दिले. अमेरिकेच्या रिचर्ड मेडो यांना ते मान्य झाले नाही. अस्थींच्या आकारावरून घोडा आणि रानगाढव यांत निवाडा करणे किती कठीण, हे यावरून ध्यानात यावे. असा निवाडा आनुवंशिक द्रव्य सहज करू शकते; परंतु आपल्या उष्ण हवेत ते लवकर नष्ट होते. २०१९ साली डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे व त्यांच्या सहकाऱ्यांनी राखीगढीच्या एका स्त्रीचे आनुवंशिक लेखन प्रसिद्ध केले, तेही बहुसंख्य नमुने निरुपयोगी ठरल्यावर. गवताळ मैदानातील लोकांचा अंश तिच्यात आढळला नाही. हा अंश उपखंडात इ. स. पूर्व २००० ते १५०० च्या दरम्यान आला, असे त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासाचे म्हणणे आहे. उरल पर्वताच्या दक्षिणेस सिंताश्ता येथे आऱ्यांच्या चाकांचे रथ घोड्यांसह पुरलेले आढळतात, ते याच्या थोडे आधीचे. आणि ते घोडे नव्या कुळातीलच आहेत.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. घोडीकडून येणारे आनुवंशिक अंश आजच्या घोड्यांत अनेक आहेत. वळूकडून येणारे गुणसूत्र मात्र फार थोड्या मूळ पुरुषांचे आहे, कारण गेल्या काही शतकांत पूर्वेकडील निवडक वळू देशोदेशी नेऊन पैदाशीस लावले गेले. आपल्या कुलवृत्तान्तांत आपण पितृवंश लिहितो. अरब अश्वपाल मात्र घोड्याचे कुळ घोडीवरून सांगत.

इ. स. पूर्व चौदाव्या शतकाच्या सुमारास मितन्नी राज्यातील किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाने रथाचे घोडे तयार करण्याची पद्धत सांगितली. तिच्या मृत्पट्टिका तुर्कस्तानात बोगाझकोय येथे सापडल्या. मजकूर हित्ती भाषेत आहे; पण घोड्याला किती फेऱ्या द्यावयाच्या, हे सांगताना तो परके शब्द वापरतो : ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न. एक, तीन, पाच, सात.