उसना घुमारा

विजापूरचा गोलघुमट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. मुहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६ साली पुरी झाली. चव्वेचाळीस मीटर व्यासाच्या त्या घुमटाखालच्या सज्ज्यात कोणी हलकेच कागद चुरगळला तरी त्याची कुरकुर पलीकडच्या भिंतीपाशी बसलेल्याच्या कानी पडते, आणि एक टाळी वाजवली तर ती पुनःपुन्हा परत येते. बांधणाऱ्यांच्या मनात कबर होती. आवाजाचा हा चमत्कार ओघाने आला. तथापि दगडचुन्याच्या त्या पोकळीने माणसाच्या आवाजाला जे दिले, तेच एका लहान पेटीत कोंडून घरी आणण्याचा खटाटोप गेली सुमारे शंभर वर्षे चालू आहे. इंग्रजीत त्या पेटीला ‘रिव्हर्ब’ म्हणतात. आपण घुमाऱ्याची पेटी म्हणू. आज घरोघरी ध्वनिमुद्रण होऊ लागले आहे, आणि कोणती पेटी घ्यावी हा प्रश्न हौशी गायकापासून भजनी मंडळापर्यंत अनेकांना पडतो. त्याचे उत्तर दुकानातील यादीपेक्षा इतिहासात अधिक सापडते, असे मला वाटते.

प्रथम घुमारा म्हणजे काय ते पाहू. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सतरा मीटरांवरच्या कड्यासमोर हाक मारली, तर ती जाऊन येईपर्यंत सेकंदाचा दहावा भाग लोटतो आणि कानाला दोन आवाज वेगळे कळतात. हा प्रतिध्वनी. खोलीत मात्र भिंती, छत आणि जमीन यांवरून आपटून आलेले शेकडो पडसाद इतक्या दाटीने येतात की ते सुटे ऐकू येत नाहीत. मूळ स्वराच्या मागे विरत जाणारे एक शेपूट तेवढे जाणवते. हा घुमारा. प्रतिध्वनी आपल्याला अंतर सांगतो, घुमारा जागा सांगतो. डोळे मिटले तरी आपण देवळाच्या गाभाऱ्यात आहोत की गाद्या रचलेल्या माळ्यावर, हे कान बिनचूक ओळखतो, तो या शेपटावरूनच.

या शेपटाची लांबी मोजण्याचे श्रेय वॉलेस सॅबिन या अमेरिकन प्राध्यापकाकडे जाते. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग वस्तुसंग्रहालयातील व्याख्यानगृहात वक्त्याचा शब्द समजेना, तेव्हा १८९५ साली ते काम तरुण सॅबिनकडे आले. ऑर्गनची एक नळी, एक घड्याळ आणि स्वतःचे कान एवढ्या सामग्रीवर त्याने रात्री जागून प्रयोग केले. शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या उशा उचलून आणायच्या, थोड्याथोड्या वाढवत मांडायच्या, आणि घुमारा किती वेळाने विरतो ते टिपायचे. उशा नसताना तो साडेपाच सेकंदांच्या आसपास टिकत होता. म्हणजे एक वाक्य संपते न संपते तो मागची सारी अक्षरे अजून हवेतच असत. यातून त्याला नियम मिळाला. दालनाचे आकारमान वाढले की घुमारा लांबतो, आणि आवाज शोषणाऱ्या वस्तू वाढल्या की तो आखडतो. आवाजाची शक्ती दशलक्षांश उरेपर्यंत लागणारा वेळ हे आज त्याचे प्रमाण मानतात. या नियमाच्या आधारे बांधलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल १९०० साली उघडले, आणि आजही जगातील उत्तम संगीतगृहांत त्याची गणना होते.

दालन असे शास्त्राच्या हाती आले, त्याच सुमारास यंत्राने गाण्याला दालनातून बाहेर काढले. १९०२ साली फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गोहरजानचा आवाज मुद्रित केला तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायिकेने कर्ण्याच्या तोंडाशी जाऊन जोराने गायचे, आणि त्या ध्वनीच्याच बळाने सुई मेणावर रेघ कोरणार. कर्ण्यापर्यंत जवळचा तेवढाच आवाज पोहोचे. खोली मागेच राही. त्या जुन्या तबकड्यांतला आवाज पेटीत बंद केल्यासारखा वाटतो, त्याचे एक कारण हे आहे. १९२५ नंतर विजेवर चालणारा मायक्रोफोन आला आणि हळुवार गाणेही टिपता येऊ लागले. पण स्पष्टतेसाठी स्टुडिओच्या भिंती मऊ आवरणांनी मढवल्या गेल्या आणि आवाज पुन्हा कोरडा पडला. मग घुमारा वेगळा तयार करून वरून मिसळण्याची युक्ती निघाली.

पहिली युक्ती अगदी सरळ होती. एक मोकळी, टणक भिंतींची खोली घ्यायची. तिच्या एका कोपऱ्यात लाउडस्पीकर ठेवून त्यातून गाणे वाजवायचे, दुसऱ्या कोपऱ्यात मायक्रोफोन ठेवून ते परत टिपायचे, आणि मूळ आवाजात हवे तेवढे मिसळायचे. लंडनच्या ॲबी रोड येथे १९३१ साली उघडलेल्या स्टुडिओत अशी खोली होती. शिकागोच्या बिल पुटनमने १९४७ साली हार्मोनिकॅट्स या बाजावादकांच्या मुद्रणासाठी चक्क स्नानगृह वापरले, आणि ती तबकडी अमाप खपली. न्हाणीघरात गाणारा प्रत्येक माणूस स्वतःवर खूश का असतो, याचा उलगडा फरशीच्या टणकपणात आहे, आणि पुटनमने त्याचा धंदेवाईक उपयोग करून घेतला.

परंतु प्रत्येकाजवळ रिकामी खोली कुठून असणार? हॅमंड ऑर्गनच्या कारखान्याने १९३० नंतरच्या दशकात तारेच्या स्प्रिंगांचा उपाय काढला. विजेचा संकेत स्प्रिंगच्या एका टोकाला थरथर देतो, ती थरथर तारेत येरझारा घालते आणि दुसऱ्या टोकाला घुमारा होऊन बाहेर पडते. टेपरेकॉर्डर आल्यावर आणखी एक मार्ग सापडला. फीत सेकंदाला साडेसात इंच धावत असेल आणि मुद्रण करणारे व वाजवणारे टोक दीड इंच अंतरावर असेल, तर आवाज सेकंदाच्या पाचव्या हिश्शाने मागून येतो. हा प्रतिध्वनी झाला, घुमारा नव्हे. पण लोकप्रिय संगीताला त्याने वेड लावले. जर्मनीत वॉल्टर कूलच्या संशोधनातून १९५७ साली ईएमटी १४० हे यंत्र निघाले. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धा मिलीमीटर जाड असा पोलादी पत्रा चौकटीत ताणून टांगलेला. मध्यावर त्याला कंप द्यायचा आणि कडेजवळ तो टिपायचा. सबंध यंत्राचे वजन अडीचशे किलोंच्या वर. आकाशवाणीच्या श्रोत्यांना हे ऐकून बरे वाटावे की कूलचे हे संशोधन नभोवाणीच्या गरजेतूनच झाले होते.

यानंतरचे पाऊल गणिताचे. बेल प्रयोगशाळेतील मॅनफ्रेड श्रोडर याने १९६१ आणि १९६२ साली दाखवून दिले की घुमारा आकड्यांनीही घडवता येतो. आवाज साठवायचा, ठराविक विलंबाने थोडा क्षीण करून परत त्यातच सोडायचा, आणि अशी अनेक वर्तुळे एकमेकांत गुंफायची. सेकंदाला सुमारे हजार पडसाद झाले की कानाला ते नैसर्गिक वाटू लागतात. सिद्धान्त तयार होता, पण तो गाण्याच्या वेगाने चालवणारे यंत्र यायला आणखी काही वर्षे गेली. १९७६ साली बॅरी ब्लेसरने घडवलेले ईएमटी २५० बाजारात आले, तेव्हा त्याची किंमत वीस हजार डॉलरच्या घरात होती. १९७८ साली लेक्सिकॉन २२४ आले. १९८५ मध्ये यामाहाचे एसपीएक्स ९० हजार डॉलरच्या आत मिळू लागले, आणि पुढच्याच वर्षी अलेसिसचे मिडीव्हर्ब चारशे डॉलरच्या आत आले. दहा वर्षांत वीस हजारांचे चारशे झाले. घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्याची गोष्ट खऱ्या अर्थाने इथून सुरू होते.

१९९९ साली सोनीने वेगळ्याच तत्त्वावरचे यंत्र विकायला काढले. एखाद्या खऱ्या दालनात फुगा फोडायचा किंवा खालपासून वरपर्यंत चढत जाणारा स्वर वाजवायचा, दालनाचे उत्तर टिपून ठेवायचे, आणि त्या उत्तराशी गाण्याचा गुणाकार करायचा. मग दिल्लीतल्या एका बंद खोलीत गायलेले पद युरोपातल्या एखाद्या जुन्या चर्चमध्ये गायल्यासारखे ऐकू येते. आज हे काम साधा संगणकही करतो, आणि असे काही प्रोग्राम विनामूल्य मिळतात.

मग निवड कशी करावी? इतिहासाने एक गोष्ट स्पष्ट केली आहे: प्रत्येक पेटी हे एखाद्या जागेचे किंवा वस्तूचे सोंग आहे. स्प्रिंगेचा घुमारा झणझणीत असतो, तो गिटारला शोभतो, तबल्याच्या थापेवर खडखडतो. पत्र्याचा घुमारा दाट आणि उजळ असतो, तो गळ्याला चांगला बसतो. दालनाचा घुमारा सावकाश फुलतो. तेव्हा दुकानात शेकडो नमुने मोजण्यापेक्षा एक टाळी किंवा तबल्याचा एक कोरडा बोल त्या पेटीतून सोडावा आणि विरत जाणारे शेपूट शेवटपर्यंत ऐकावे. ते धातूसारखे किणकिणत असेल किंवा फडफडत असेल, तर ती पेटी सोडून द्यावी. शेपटाची लांबी आणि ते सुरू होण्यापूर्वीचा विलंब ही दोन्ही बदलता आली पाहिजेत. वीस-तीस सहस्रांश सेकंदांचा विलंब ठेवला, तर शब्द आधी स्वच्छ पोहोचतो आणि घुमारा त्याच्या मागून येतो. अभंगाला आणि भावगीताला हे आवश्यक आहे. खर्जाचा भाग घुमाऱ्यातून कमी करण्याची सोय असावी, नाहीतर डग्गा आणि मृदंग चिखलात रुततात. तंबोऱ्याला मुळातच स्वतःचा घुमारा आहे; त्याला उसना देण्याची गरज क्वचितच पडते. गाताना कानात थोडा घुमारा असला तर गळा मोकळा होतो हेही खरे. पण संगणकातून येणारा आवाज किंचित उशिरा येतो आणि गाणारा अडखळतो. ज्यांना ही अडचण आहे, त्यांनी वेगळी पेटी, किंवा ही सोय अंगभूत असलेले मुद्रणयंत्र घेणे योग्य.

परंतु या सर्वांहून महत्त्वाचे पथ्य एक आहे. घुमारा मुद्रणात कायमचा मिसळू नये. मूळ आवाज कोरडा जतन करावा आणि घुमारा नंतर, वेगळा चढवावा. मिसळलेला घुमारा पुरता काढता येत नाही. कोरड्या आवाजाला मात्र केव्हाही नवे दालन देता येते. गोहरजानच्या तबकडीतला कोरडेपणा शंभर वर्षांनीही आपल्याला तिची तान जशीच्या तशी दाखवतो, ती त्यामुळेच. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, तंजावर अशा ठिकाणी पसरलेल्या मराठी घरांत जात्यावरच्या ओव्या, आरत्या आणि हळदीची गाणी म्हणणाऱ्या वृद्ध स्त्रिया अजून आहेत. त्यांच्याबरोबर पाठांतरे आणि पाठभेद जातील. त्यांचा आवाज टिपायला बसणाऱ्याने आधी पंखा बंद करावा, खिडकीला जाड चादर टांगावी, जमिनीवर सतरंजी टाकावी. सॅबिनने उशांनी जे केले तेच हे. मग मायक्रोफोन वीतभर अंतरावर ठेवून त्यांना त्यांच्या चालीने गाऊ द्यावे. पेटी कोणती, हा विचार त्यानंतर स्वस्थपणे करता येईल. चांगली पेटी पुढच्या वर्षी याहून स्वस्त मिळेल. तो आवाज पुढच्या वर्षी मिळेलच असे नाही.