मातीच्या मुद्रा

काशीस गेलेला मनुष्य गंगेचा गडू घेऊन येतो, पंढरीचा वारकरी बुक्का आणि तुळशीची माळ आणतो. यात्रेहून रित्या हातांनीं परतणें आपल्या समाजाला कधींच रुचलेलें नाहीं. प्राचीन बौद्ध यात्रेकरूंची रीत याहून फारशी निराळी नव्हती. मात्र तीर्थावरून कांहीं नेण्याइतकेंच तेथें कांहीं ठेवून येण्यालाहि त्यांच्यांत महत्त्व होतें. हें ठेवणें पुष्कळदां मूठभर मातीचें असे.

जन्म, बोधि, प्रथम धर्मोपदेश आणि परिनिर्वाण यांचीं चार स्थानें श्रद्धावंतानें पाहावीं, असें महापरिनिब्बानसुत्तांत सांगितलें आहे. पुढें पूज्य वस्तूंचे तीन वर्ग मानले गेले. बुद्धाचे अस्थिशेष ते शारीरिक. त्यानें वापरलेलें पात्र, चीवर वा बोधिवृक्ष तें पारिभोगिक. आणि त्याचें स्मरण करून देणारी मूर्ति ती उद्देशिक. परंतु अस्थि आणि पात्रें थोडीं, यात्रेकरू असंख्य! गरिबाच्या वांट्याला काय यावें? या प्रश्नाचें उत्तर मोठें मार्मिक निघालें. बुद्धाचें वचन हेंच त्याचें शरीर मानण्यांत आलें, आणि त्याला ‘धर्मशरीर’ असें नांव मिळालें.

सातव्या शतकांत मगधांत राहिलेल्या ह्युएनत्संगानें ही चाल वर्णिली आहे. सुगंधी द्रव्यांच्या चूर्णाचे पांचसहा इंच उंचीचे स्तूप करावे, त्यांत सूत्राचा लिहिलेला अंश ठेवावा, आणि ते पुष्कळ सांठले म्हणजे मोठ्या स्तूपांत एकत्र ठेवावे. जयसेन नांवाच्या उपासकानें तीस वर्षांत असे सात कोटि स्तूप केले, असें तो सांगतो. संख्या अक्षरशः घेऊं नये. पण हातांनीं सतत करावयाची ही उपासना होती, हें त्यावरून स्पष्ट होतें.

मातीच्या मुद्रांची कृति याहूनहि सोपी. कोरलेला सांचा ओल्या मातीवर दाबावयाचा आणि ती वाळवावयाची किंवा भाजावयाची. कोठें भूमीला स्पर्श करणारा बुद्ध व त्याच्यामागें मंदिराचें शिखर. कोठें केवळ बारीक अक्षरांत ‘ये धर्मा’ ही गाथा. कारणापासून उपजणाऱ्या वस्तूंचें कारण व त्यांचा निरोध तथागतानें सांगितला, एवढाच तिचा आशय. अश्वजिताकडून ती ऐकतांच सारिपुत्राला धर्मदृष्टि लाभली, अशी कथा आहे. बोधगयेस अशा मुद्रा मिळाल्या, तशा आपल्या कान्हेरीसहि मिळाल्या. १८५३ सालीं वेस्ट साहेबांना तेथें वाळलेल्या मातीवरील छाप सांपडले.

आतां याच्याशेजारीं सोपाऱ्याचा स्तूप ठेवून पाहूं. १८८२ च्या एप्रिल महिन्यांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो उकरला. आंत दगडी पेटी होती. तिच्यांत कांशाच्या आठ बुद्धमूर्तींच्या मध्यें तांब्याचा करंडक, त्यांत रुप्याचा, मग पाषाणाचा, स्फटिकाचा आणि शेवटीं सोन्याचा. आणि सोन्याच्या करंडकांत काय? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे! ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपले गेले असावेत, असें पंडितांचें अनुमान. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीनें हा ठेवा सांभाळला आहे. येथें सोनें हें केवळ आवरण होय. पूजेचा विषय खापरी आहे.

यात्रेंतील लहान वस्तु केव्हां मोठ्या उपयोगी पडतात, याचें प्रत्यंतर बोधगयेनेंच दिलें. महाबोधि मंदिराच्या लहान पाषाणी प्रतिकृति पूर्वीं घडविल्या जात. तशा कांहीं तिबेटांतहि जतन झाल्या आहेत. १८८० नंतर कनिंगहॅम व बेग्लर यांच्या देखरेखीखालीं त्या जीर्ण मंदिराची दुरुस्ती झाली, तेव्हां अवशेषांत सांपडलेल्या अशाच एका प्रतिकृतीचा आधार मूळ रूप ठरविण्यास घेण्यांत आला. त्या जीर्णोद्धाराविषयीं पुष्कळ वाद झाले. तरी मोठ्या देवालयाची साक्ष एका हातभर दगडानें द्यावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

अनेक वर्षें वर्गांत मीं राजांचीं दानें, शिलालेख आणि ताम्रपटच शिकविले. वस्तुसंग्रहालयांतील कोपऱ्यांत मांडलेल्या या मळकट चकत्यांपुढून मीहि इतरांप्रमाणेंच पुढें गेलों. एकदां एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, हें कोणी केलें?” मजजवळ उत्तर नव्हतें. लेणें कोरविणाऱ्या श्रेष्ठीचें नांव भिंतीवर आहे. मुद्रा दाबणाऱ्या स्त्रीपुरुषांचीं नांवें कोठेंच नाहींत. परंतु त्यांनीं स्वतःचें नांव लिहिण्याच्या जागीं बुद्धाचें वचन उमटविलें, हें काय थोडें झालें?

जें उपजतें त्याचा निरोध आहे, हें सांगणारी गाथा त्यांनीं पाण्यानें विरघळणाऱ्या मातीवर छापली. ती माती मागें उरली आहे. पुढच्या वेळीं संग्रहालयांत जाल, तेव्हां सोन्याच्या करंडकापुढें जितका वेळ थांबाल, त्याच्या निम्मा तरी या मुद्रांपुढें थांबा.