न कळणाऱ्या भाषेतला न्याय



मी वकील नव्हे. कायदा शिकलो तो मजुरांबरोबर कोर्टाच्या व्हरांड्यात बसून. म्हणून लोकमान्यांच्या १९०८ सालच्या खटल्याविषयी बोलताना कलमांचा काथ्याकूट मी करणार नाही. त्या खटल्यात एक साधा प्रश्न होता: निवाडा देणाऱ्याला आरोपीची भाषा कळते काय? आपल्या जव्हार-मोखाड्यात तो प्रश्न अजून जुना झालेला नाही.

हकिकत थोडक्यात अशी. मुझफ्फरपूरच्या बाँबनंतर 'केसरी'त १२ मे रोजी 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जून रोजी 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे लेख आले. २४ जूनला टिळकांना मुंबईत अटक झाली आणि १३ जुलैला हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे खटला उभा राहिला. दैवगती अशी की, १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात याच दावरांनी टिळकांच्या जामिनासाठी वकिली केली होती.

ज्यूरी नऊ जणांची: सात युरोपियन, दोन पारशी. लेख मराठीत आणि युरोपियन ज्यूररांना मराठीचा गंध नाही. त्यांच्या हाती आले ते सरकारी भाषांतर. टिळकांनी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, शब्दाशब्दावरून त्याला छेडले आणि वकील न देता स्वतः इंग्रजीत २१ तास १० मिनिटे भाषण केले. २२ जुलैच्या रात्री ते सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरले. सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड!

कोर्टाबाहेर मात्र दुसरी एक ज्यूरी होती, ती गिरणीकामगारांची. कोकणातून नि घाटावरून आलेल्या त्या लोकांत पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. पण 'केसरी' कोणी वाचून दाखविला तर त्यांना भाषांतरकार लागत नव्हता. २३ जुलैपासून सहा दिवस त्यांनी संप केला. शिक्षेच्या प्रत्येक वर्षाला एक दिवस. लष्कर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. टिळक मंडालेहून परतले ते १९१४ च्या जूनमध्ये.

कोणी म्हणेल, ही परक्या राज्याची रीत. तर अमेरिकेकडे पाहा. तेथे लोकांचे राज्य होते. मॅसॅच्युसेट्स राज्यात १९२० साली निकोला साक्को हा बुटांच्या कारखान्यातला कामगार आणि बार्तोलोमेओ वान्झेट्टी हा मासे विकणारा, असे दोघे इटालियन खून व दरोड्याच्या आरोपावरून पकडले गेले. दोघेही अराजकवादी. इंग्रजी मोडकेतोडके; साक्षीच्या वेळी दुभाष्या घ्यावा लागला. १४ जुलै १९२१ रोजी ज्यूरीने त्यांना दोषी ठरविले. जगभर निदर्शने झाली, तरी २३ ऑगस्ट १९२७ रोजी त्यांना विजेच्या खुर्चीवर बसविले. ते निर्दोष होते काय, याचा वाद आजही चालतो. पण खटला न्याय्य रीतीने चालला नव्हता, हे खुद्द त्या राज्याच्या गव्हर्नरने १९७७ साली जाहीर केले. पन्नास वर्षांनी!

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे ज्यूरी राहिलेली नाही. पुरावा आरोपीला कळेल अशा भाषेत समजावून द्यावा, असे कायदाच सांगतो. पण एका कोर्टात पाहिलेला प्रसंग मी विसरलो नाही. एक वारली मजूर उभा होता. गुन्हा कबूल आहे का, असे त्याला छापील मराठीत विचारले गेले. त्याने मान डोलावली. बाहेर आल्यावर त्याने मला विचारले, "दादा, साहेबांनी काय विचारले?"

टिळकांपाशी एकवीस तास बोलण्याची विद्या होती. याच्यापाशी फक्त मान होती. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या: तेथे मराठी बोलणारा आरोपीच्या पिंजऱ्यात होता, येथे मराठी बोलणारे आपण त्या सात जणांच्या जागी आहोत.

म्हणून माझी विनंती मोठी नाही. आपल्यापैकी ज्यांना वारली, कोकणा, ठाकर लोकांची बोली येते, त्या शिक्षकांनी, दुकानदारांनी, विद्यार्थ्यांनी तारखेच्या दिवशी तासभर कोर्टाच्या व्हरांड्यात येऊन बसावे. आत जाण्यापूर्वी त्या माणसाला एवढेच सांगावे, की कळले नाही तर मान हलवू नकोस, 'कळले नाही' म्हण. टिळकांची पुण्यतिथी आपण दरसाल करतोच. त्या खटल्याची आठवण अशीही ठेवता येईल.